दाढेखालची ओल

"हा माल ओला? पानी मालात नाही, तुह्या डोक्यात शिरलं!"

शेलूबाजारात त्या बुढ्या शेतकऱ्याचा आवाज असा चढला, की हायवेवरच्या ट्रकांनी लाजून हॉर्न बंद केले. समोर त्याच्या सोयाबीनचा ढीग, ढिगापाशी मी, आणि माझ्या दाढेखाली त्याचाच एक दाणा. अडत्याकडं माल पारखायचं काम माझं. दाणा दाढेखाली धरून दाबायचा. कट्ट करून फुटला तर वाळलेला, चेपला तर ओला. ओलावा मोजायचं मशीन होतं, पण त्याच्यावर चहाचे कप ठेवत. माझ्या दाढेचा कट्ट आवाज पार मंगरूळपीरला ऐकू जायचा आणि तिथले व्यापारी त्यावरून भाव काढायचे. हे मीच सांगायचो, पण कोणी खोडून काढलं नव्हतं.

त्या दिवशी दाणा चेपला. दुसरा घेतला, तोही चेपला. मी ओला म्हणालो आणि बुढा पेटला. शेवटी अडत्यानं कप उचलले, मशीन पुसलं आणि मूठभर दाणे आत टाकले. माल ठणठणीत वाळलेला. चेपला होता तो दाणा नव्हे, दाढच खाली बसली होती. थुंकलो तर लाल. तंबाखू-सुपारीचा खर्रा असेल म्हणून सोडून देणार, तर त्या दिवशी खर्रा खाल्लाच नव्हता.

वाशिमची दातांची डॉक्टरीण माझ्या पोरीच्या वयाची. तिनं दाताच्या आणि हिरडीच्या फटीत बारीक सळई घातली. मला वाटलं, आता टाचेतून निघते. मग एक्स-रे काढला आणि दिव्यासमोर धरला.

"दात चांगले आहेत, काका. त्यांना धरणारं हाड राहिलं नाही."

हिरड्या वर्षानुवर्षं सुजत होत्या, पण कधी दुखल्या नाहीत, म्हणून मी त्यांची तब्येत सुधारली असं समजत होतो. विचारलं, हाड पुन्हा उगवत नाही का? पोहरादेवीच्या यात्रेत एक म्हातारा पाहिला होता, त्याला तिसऱ्यांदा दात आले आणि त्या आनंदात त्यानं उसाबरोबर बैलगाडीचं जूसुद्धा खाल्लं. ती हसली नाही. तिनं नीट समजावलं. हिरडी उघडून साफ करायची, हाडाची पूड भरायची, वरून पातळ पडदा टाकायचा. मग आत सावकाश नवं हाड धरतं, दाताला बांधून ठेवणारे धागे धरतात. पण पूड थांबायला खड्डा लागतो, खड्ड्याला भिंती लागतात. माझं हाड सगळीकडून सारखंच झिजलेलं.

"म्हंजे धुरा नसला का वावरात पानी थांबत नाही, तसं?"

"तसंच."

मी म्हटलं, बाकीचे जाऊ द्या, एक दाढ तेवढी धरून द्या, दाणा फोडण्यापुरती. ती म्हणाली, साफसफाई करू, खर्रा सोडा, आहे ते काही काळ टिकेल. दाणा मात्र चावायचा नाही. 'काही काळ' म्हणताना ती एक्स-रे पाकिटात घालत होती.

पुढच्या बाजाराला बुढा उरलेला माल घेऊन आला. मी ढिगापाशी उभं राहून सगळ्यांना सांगितलं, की वाशिमला माझ्या जबड्यात हाड पेरलंय, येत्या हंगामात असे दात येतील की दगड चावून तो कोणत्या डोंगराचा ते सांगीन. एरवी अशा वेळी हमाल पोती खाली टाकून हसायचे. त्या दिवशी पोती चालत राहिली.

सवयीनं एक दाणा उचलून दाढेखाली धरला. दाबायची हिंमत होईना. जिभेनं तो इकडून तिकडं फिरवत राहिलो, चेहऱ्यावर मोठी पारख चालल्याचा भाव ठेवून. बुढा माझ्याकडं पाहत होता. या खेपेला तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"काय म्हन्ते दाढ?" अडत्यानं मला विचारलं.

उत्तर बुढ्यानं दिलं.

"मशीनवर टाका."