तात्यांनी पुन्हा चालवलेला खटला

पाटणच्या शाळेत सातवीचा तास चालू असताना पोस्टमननं कार्ड हातात दिलं. अक्षर ओळखीचं नव्हतं. काकींना, म्हणजे तात्यांच्या बायकोला, लिहिता येत नाही, त्यांनी कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं. ‘तात्या मंगळवारी भर दुपारी गेले. आजारी नव्हते. गुरुजींना कळवा, असे सकाळीच सांगून ठेवले होते.’ एवढंच. कार्ड खिशात ठेवून मी फळ्याकडे वळलो आणि हातातला खडू कशासाठी आहे हेच मला आठवेना... त्याला आता सात आठवडे झाले. दिल्लीत घटना लिहून होत आली आहे, आणि स्वातंत्र्य, समता, न्याय हे शब्द रोज वर्तमानपत्रात दिसतात. ते वाचताना मला दरवेळी एक मोडकी चुनाभट्टी दिसते आणि तिथं मातीत बसलेले आमचे तात्या दिसतात. म्हणून हे लिहितो आहे. तात्यांबद्दल चांगलं तर लिहायचंच आहे, पण ते स्वतः जे लपवू इच्छित नव्हते, तेही लिहायचं आहे.

आमचं गाव कृष्णाकाठी, तेव्हाच्या सातारा जिल्ह्याच्या अगदी शेवटाला. नदी ओलांडली की सांगली संस्थानची हद्द. मी गावात मास्तर होऊन आलो तेव्हा विशीतला होतो आणि तात्या पन्नाशीच्या पुढचे. पहिल्या महायुद्धात बसऱ्याला जाऊन आलेले, उजव्या हाताची दोन बोटं तिथंच ठेवून आलेले. पेन्शन होती, नदीकाठी उसाचं रान होतं, मूलबाळ नव्हतं. वयानं वडिलांएवढे, पण मैत्री बरोबरीची. संध्याकाळी शाळेच्या पायरीवर येऊन बसायचे आणि म्हणायचे, “गुर्जी, पेपरात काय नवीन? वाचा की.”

बेचाळीसच्या आंदोलनानंतर आमच्या भागात सरकारी कचेऱ्या उघड्या होत्या, पण त्यांची पायरी कोणी चढत नव्हतं. गावोगाव लोकांनी आपलं राज्य सुरू केलं होतं आणि भांडणतंटा मिटवायला आपलेच पंच नेमले होते. आमच्या गावच्या पाच पंचांत तात्या मुख्य, आणि मी लिहिणारा. ओढ्यापलीकडे एक पडकी चुनाभट्टी होती, तिथं आम्ही भर दुपारी बसत असू. त्या वेळी पोलीस जेवायला गेलेले असत आणि गावातलं कोणी तिकडं फिरकत नसे. बाराच्या उन्हात भट्टीकडे जाऊ नये, असं बायका म्हणत. पहिल्याच दिवशी पाटील घोंगडी घेऊन आले आणि अंथरून बसू लागले. तात्यांनी ती काढून घेतली, घडी घालून बाजूला ठेवली. “पाटील, हितं समदी मातीत बसत्यात. महारवाड्यातला शिवापा बी पंचच हाय. त्यो खाली आन् तुमी वर, आसं आपल्या राज्यात चालायचं न्हाई.” पाटील मातीत बसले. त्या दिवशी मला वाटलं, स्वातंत्र्य आलंच. ते दिल्लीहून यायचं उरलेलंच नाही.

दोन वर्षं आम्ही बरे न्याय केले. टाकलेल्या बायका नांदायला परत गेल्या, बांध सरळ झाले. मग उन्हाळ्यात ती गोष्ट घडली. दोन भूमिगत कार्यकर्ते गावच्या शिवारात चार दिवस लपले होते. पोलीस थेट त्यांच्यावरच आले, वाट न चुकता. एक निसटला, दुसरा गोळी लागून बांधावर पडला. बावीस वर्षांचा पोरगा. त्याला आम्ही सगळ्यांनी भाकरी दिली होती. कोणीतरी बातमी दिली होती हे उघड होतं. आदल्या दिवशी तालुक्याला एक घोंगडीवाला माणूस फौजदाराशी बोलताना दिसला, असं एकानं सांगितलं. आणि गावात त्या वेळी घोंगडीवाला परका माणूस एकच होता. बिरा.

बिरा पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातला धनगर. दर उन्हाळ्यात मेंढरं घेऊन नदीकाठी यायचा, लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचा आणि पाऊस लागायच्या आत परत जायचा. त्याला भट्टीपाशी आणलं. तो घाबरलेला नव्हता, चकित झालेला होता. म्हणाला, “आवं तात्या, त्या चार दिवसांत मी तुमच्याच रानात हुतो की. मेंढरं तुमच्या खालच्या तुकड्यात बसली हुती. मी कुटं हाललो न्हाई. काकींना इचारा. त्याच मला भाकरी द्यायच्या.”

मी लिहू लागलो. तात्यांनी हात वर केला, दोन बोटं नसलेला. “गुर्जी, ते लिवू नगा.” मग पंचांकडे वळून म्हणाले, “न्याय करणाऱ्यानं आपल्याच घरातला साक्षीदार आणायचा न्हाई. उद्या लोक म्हनतील, तात्यानं बायकोच्या बोलण्यावर माणूस सोडला. पाटलाला जो नियम, त्योच मला.” काकी तेव्हा गावात नव्हत्याही. त्या पोराला गोळी लागली त्याच रात्री, छाप्यांच्या भीतीनं, त्या नदीपलीकडे संस्थानात माहेरी गेल्या होत्या. निरोप पाठवला असता तर दुसऱ्या दिवशी उत्तर आलं असतं. पण पाटील म्हणाले, “एक पोरगं मेलंय तात्या. आज आपण हातावर हात ठिवून बसलो तर उद्या आनखी चौघं मरतील. आधी स्वातंत्र्य येऊ दे.” शिवापाची मान हलली नाही. बाकीच्या दोघांनी माना हलवल्या. शेवटी तात्यांनीही हलवली.

माझ्या वहीत बिराच्या म्हणण्यापुढे एकच शब्द आहे: ‘नाकबूल’.

पायांच्या तळव्यांवर वीस काठ्या आणि गावबंदी. काठ्या चालू असताना बिरा ओरडला नाही. प्रत्येक काठीनंतर तो तात्यांकडे बघायचा, जणू आत्ता ते काहीतरी आठवून थांबवतील. मग तो उठला, मेंढरं गोळा केली आणि पूर्वेकडे चालू लागला. पाय टेकवता येत नव्हते, म्हणून तो पावलांच्या कडांवर चालत होता. धुळीत त्याचे ठसे उमटले ते निम्मेच. वळवाचा पाऊस चार दिवसांनी आला, तोवर ते ठसे कोणी मोडले नाहीत. बैलगाड्याही बाजूनं जात होत्या.

धरपकड थांबली, तेव्हा काकी परत आल्या. एके दिवशी मी तात्यांकडे जेवायला होतो. भाकरी वाढता वाढता काकी सहज म्हणाल्या, “बिरा का आला न्हाई आवंदा? त्या साली त्या पोराला गोळी लागली, तवा चार दिस आपल्याच रानात हुता. मी बघितला की. मेंढरू विताना आडलं हुतं, त्याच्यापाशीच बसून ऱ्हायला, जेवायला बी उठला न्हाई. त्याच राती मला माह्येरी घालवलं तुमी.” तात्यांचा हात ताटातच राहिला. काकींना खटल्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं बिराला शोधायला निघालो. बातमी कोणी दिली होती हे आजतागायत मला ठाऊक नाही. तात्यांनीही ते शोधलं नाही. ते म्हणाले, “ते मागनं. आधी ह्येचं.” पूर्वेकडचा तो मुलूख म्हणजे माळ, खडक, बाभळी आणि सकाळीच तापणारं ऊन. दुसऱ्या दिवशी एका विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या बाईला विचारलं, पायानं अधू असलेला बिरा धनगर कुठं भेटेल? ती म्हणाली, “आत्ता तर गेला. हितंच बसला हुता, पाय पाण्यात सोडून.” आम्ही तिनं दाखवलेल्या वाटेनं जवळजवळ पळतच गेलो. वाट सरळ होती, कोसभर मोकळा माळ दिसत होता. त्यावर एक पाखरूही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या वस्तीवरच्या देवळात एका पुजाऱ्यानं आम्हाला न मागता पाण्याचा तांब्या आणून दिला. तात्यांच्या हाताकडे बघितलं आणि म्हणाला, “तुमीच व्हय? काल एक धनगर सांगून गेला. मागनं एक म्हातारा येतोय, दोन बोटं न्हाईत त्याला. लय लांबनं चालत येतोय, त्याला पाणी द्या म्हनला.” तात्यांनी तांब्या हातात घेतला, पण त्यांना पाणी पिता येईना. मी गुपचूप पुजाऱ्याला विचारलं, माणूस दिसायला कसा होता? तो म्हणाला, “त्वांड न्हाई नीट बघितलं. चालणं तेवढं ध्यानात ऱ्हायलं. कडेवर चालत हुता.”

त्याच दुपारी आम्ही बिराच्या वाड्यावर पोचलो. मेंढरांच्या काटेरी कुंपणापाशी त्याची बायको यल्लूबाई लोकर पिंजत बसली होती. आम्ही कोण ते सांगितलं. ती पिंजतच राहिली. “दोन वर्सं झाली त्यास्नी जाऊन,” ती म्हणाली. “पायात पू झाला, ताप डोस्क्यात गेला. तीन हप्ते एकच बोलत हुते. मी तुमच्याच रानात हुतो, काकींना इचारा.”

आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. विहिरीवरच्या बाईचं आणि पुजाऱ्याचं काय करायचं हे मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही. त्या मुलखात बिरा नावाचे धनगर पुष्कळ असतील, पाय अधू असलेलेही असतील. मी स्वतःला तसं सांगतो. तात्यांनी मात्र कधी तसं म्हटलं नाही.

गावी आल्यावर त्यांनी एकच गोष्ट लावून धरली: खटला पुन्हा चालवायचा. त्याच जागी, तेच पंच. पाटील चिडले. “मेलेल्या माणसाचा खटला? लोक हसतील.”

“मेलेल्याला न्याय लागत न्हाई?” तात्या म्हणाले. “त्या पोराच्या मरणापायी आपण बसलो हुतो की न्हाई? त्यो बी मेलेलाच हुता.”

कित्येक महिने हे चाललं. उन्हाळ्यात एकदा पाटील अचानक कबूल झाले. का, ते त्यांनी सांगितलं नाही. फक्त म्हणाले, “उद्या दुपारी बसू. मला आता झोप लागत न्हाई.” म्हणजे दिवस ठरला तो आदल्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी आम्ही भट्टीपाशी गेलो तर यल्लूबाई आधीच येऊन बसलेली. तीन दिवसांची वाट ती चालून आली होती.

“तुला कोणी कळवलं?” मी विचारलं.

“कोण कळीवणार? त्यांनीच सांगितलं. निघ म्हनले, आपलं ऐकणार हायती.”

काकीही आल्या होत्या, पहिल्यांदाच त्या जागी. आम्ही मातीत बसलो. तात्यांनी पद्धतीप्रमाणे विचारलं, “आरोपी हजर हाय का?” आवाज ओढ्यात गेला आणि विरला. झाडावरचे होले घुमत होते, तेही थांबले. आम्हाला वाटलं, तात्या पुढे जातील. पण ते थांबून राहिले.

“हाय,” यल्लूबाई म्हणाली.

कोणी हसलं नाही. पाटील आणि शिवापा खांद्याला खांदा लावून बसले होते. पाटील हळूच एका बाजूला सरकले, शिवापा दुसऱ्या बाजूला. मधे एका माणसाची जागा झाली. त्या जागेकडे आम्ही कोणीच सरळ बघत नव्हतो.

मग काकींनी साक्ष दिली. चार दिवस, अडलेलं मेंढरू, भाकऱ्या, सगळं. यल्लूबाईनं बिराचं म्हणणं सांगितलं, शब्दाला शब्द, आणि ते शब्द मी त्या दिवशी ऐकलेले तेच होते. मी सगळे लिहिले. ‘नाकबूल’ हा शब्द खोडू का, असं विचारलं, तर तात्या म्हणाले, “ऱ्हाऊ दे. लोकांना कळाय पायजे आमी किती ऐकलं ते.” पंचांनी एकमुखानं बिराला निर्दोष ठरवलं. त्यावर तात्यांनी पायांतल्या वहाणा काढल्या आणि यल्लूबाईपुढे पाय पसरून बसले. “वीस,” ते म्हणाले. “तू मार, न्हाईतर तुला वाटंल त्याला मारायला सांग.”

ती बराच वेळ त्या पायांकडे बघत राहिली. “मारून माजा माणूस चालंल व्हय?” ती म्हणाली. “काढा पाय. तुमचं ऐकून घ्यायला त्यो एवढ्या लांबनं आलाय. आता त्याला दमवू नगा.”

परतताना तात्या मला म्हणाले, “गुर्जी, समद्यांना सारखं म्हंजे काय, ह्ये मला उलटंच कळलं हुतं. मी म्हनत हुतो, पाटलाच्या घरचं ऐकत न्हाई, तर माज्या घरचं बी ऐकायचं न्हाई. सारखं म्हंजे समद्यांचं ऐकायचं, ह्ये ध्यानातच आलं न्हाई. आन् स्वातंत्र्याची घाई... ज्याच्यासाठी आणायचं त्येलाच हाकलून दिलं आपण.” त्यानंतर पंचायतीच्या कुठल्याच बैठकीला ते मुख्य म्हणून बसले नाहीत. बसायचे ते मागे, आणि कोणाचं बोलणं मधेच तोडलं की तेवढ्यापुरते बोलायचे: “बोलू द्या त्येला.”

पुढे माझी बदली पाटणला झाली. पत्रं येत राहिली, दुसऱ्याच्या हातची. शेवटची दोन वर्षं तात्या घरात राहत नसत, खालच्या तुकड्यातल्या छपरात राहत. दर उन्हाळ्यात पूर्वेकडून मेंढरं यायची, त्या रानात बसायची, आणि धनगर सांगायचे की आम्हाला इथंच यायला सांगितलंय. कोणी सांगितलंय, हे तात्या विचारत नसत.

कार्ड आल्यावर पहिल्या रविवारी मी गेलो. काकी मला छपराकडे घेऊन गेल्या. तात्या तिथंच गेले होते, बसल्या बसल्या. दार म्हणजे तट्ट्याची झाप, ती काकींनी बाजूला केली. आत खाट नव्हती. जमिनीवर पेंढा अंथरला होता, दोन जागी, मधे हातभर अंतर. दोन्हींवर घोंगड्या. दोन्हींवर माणूस बसून उठल्यासारखा खळगा.

“ही दुसरी जागा कोणाची?” मी विचारलं.

काकी उंबऱ्यापाशीच थांबल्या होत्या. पदरानं तोंडावरचा घाम पुसत त्या म्हणाल्या, “दुपारी बोलत बसायचे. मला बांधावर ऐकू यायचं. एक बोलला की दुसरा गप ऱ्हायचा.” मग जमिनीकडे बघत, “ते मला कवा काय इचारायचे न्हाईत. मी बी न्हाई इचारलं.”

मी आत गेलो. वाकून दुसऱ्या घोंगडीवर हात ठेवला. छपरावर ऊन होतं, म्हणून असेल... ती गरम होती.