वसुधाच्या विमानासाठी नागपूरहून तीस लिटर

बुधवारी पहाटे पाचला मी जबलपूरहून नागपूरला निघालो ते फक्त पेट्रोल आणायला. शेजाऱ्यांकडून मागून घेतलेली उघडी पिकअप आणि मागे दहा-दहा लिटरचे तीन रिकामे लोखंडी कॅन.

आधी थोडं मागचं सांगतो. माझी बायको वसुधा जबलपूरजवळच्या खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीत तपासणी विभागात होती. केसाएवढा फरकही तिच्या नजरेतून सुटायचा नाही. त्याच फॅक्टरीत लेथवर काम करणारे टर्नर दुबेजी जबलपूरच्याच रांझी भागात राहतात. निवृत्तीनंतर दोघांनी मिळून दुबेजींच्या घरामागच्या शेडमध्ये दोन माणसांचं छोटं विमान बांधायला घेतलं. सहा वर्षं लागली. असं हलकं विमान चालवायचं लायसन्स वसुधाकडे आधीपासून आहे. परवानग्यांचे कागद दिवाळीनंतर हातात आले. मग पंख वेगळे करून ट्रकवरून विमान सिवनीच्या बाजूच्या एका जुन्या सरकारी हवाई पट्टीवर नेलं आणि तिथे परत जोडलं. ती दोघं चार दिवसांपासून तिथेच होती. आता फक्त इंधन राहिलं होतं आणि ते काम माझ्याकडे आलं, कारण बाकी कुठलंच काम मला येत नाही. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस.

नागपूरच का? आपल्याकडच्या साध्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं. डिसेंबरात शेडबाहेर विमान दोरांनी बांधून इंजिन चालवलं, तर वीस मिनिटांत ते बंद पडलं. इंधनाची रबरी नळी आतून फुगली होती आणि तिचे कण गाळणीत अडकले होते. दुबेजी म्हणाले, जमिनीवर कळलं ते बरं झालं. वसुधाने लगेच दुसऱ्या जातीची नळी मागवली. मला मात्र तेव्हापासून एकच दिसत होतं, की हेच वर गेल्यावर झालं असतं तर. बिनइथेनॉलचं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल नागपूरच्या एका पंपावर खात्रीने मिळतं असं कळलं होतं.

रस्ता उत्तम आहे. तिलवाऱ्याचा पूल ओलांडला तेव्हा नर्मदेवर धुकं होतं, पलीकडचं काही दिसत नव्हतं. लखनादौनला पोहे आणि जिलेबी घेतली, जिलेबी तशीच परत केली. सिवनीच्या पुढे पेंचच्या जंगलातून उंचावरून रस्ता जातो. प्राण्यांना खालून जाता यावं म्हणून तो तसा बांधलाय आणि दोन्ही बाजूंना आवाज अडवणाऱ्या भिंती आहेत. तिथे गाडी थांबवू नका. टोल बरेच लागतात, फास्टॅगमध्ये पैसे असू द्या. थांबत-थांबत गेलात तरी साडेपाच तासांत नागपूर येतं. मी कुठेच फार थांबू शकलो नाही. थांबलो की पाय आपोआप हलायला लागायचे.

पंपावरच्या माणसाने कॅन नीट तपासले. प्लास्टिकच्या डब्यात देत नाही, म्हणाला, आणि ते बरोबरच आहे. तुम्ही कधी असं न्यायला गेलात तर तीन गोष्टी पाळा. कॅन गाडीतून उतरवून जमिनीवर ठेवूनच भरा, नाहीतर स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. काठोकाठ भरू नका, पेट्रोल उन्हाने फुगतं. आणि एका वेळी तीस लिटरच्या वर जाऊ नका. भाव लिटरला एकशे साठच्या घरात होता. मागे रांगेत मोटरसायकलवर उभ्या असलेल्या एका काकांनी विचारलं, एवढं महागाचं कोणत्या गाडीत टाकता? मी म्हटलं, विमानात. ते हसले आणि मग माझा चेहरा बघून हसायचे थांबले.

परतताना मी साठच्या वर गेलोच नाही. कॅनवर ओली पोती टाकली होती. दर खड्ड्याला मागे बघायचो. दुपारी तीनला पट्टीवर पोचलो. लांबलचक डांबरी पट्टा, फटींतून उगवलेलं गवत, पलीकडे सागाची झाडं आणि मध्ये ते पांढरं विमान. शेडमध्ये मी ते अर्धवट अवस्थेतच पाहत आलो होतो. पूर्ण उभं असलेलं विमान माझ्या कल्पनेपेक्षा फारच लहान निघालं. वसुधा पंखाखालून बाहेर आली, कॅनची झाकणं एकेक करून बघितली आणि म्हणाली, आज वारा आहे, उद्या सकाळी. कॅन रात्रभर पट्टीजवळच्या जुन्या खोलीच्या मोकळ्या पडवीत ठेवले. मी सिवनीच्या लॉजवर पडून राहिलो, झोपलो म्हणवत नाही.

सकाळी सातला वारा पूर्ण पडला होता. वसुधा आणि दुबेजी विमानाचा एकेक बोल्ट तपासत होते. पेट्रोलची चाचणी माझ्याकडे होती, ती मला घरीच शिकवलेली. काचेच्या उभ्या नळीत थोडं पाणी घ्यायचं, पातळीला खूण करायची, वरून पेट्रोल ओतून हलवायचं आणि थांबायचं. पाण्याची पातळी वाढली तर इथेनॉल आहे. पहिला कॅन ठीक. दुसरा ठीक. तिसऱ्याचं पाणीही अगदी खुणेवर येऊन थांबलं.

माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. मी नळी ओतून टाकली आणि म्हणालो, "तिसऱ्यात पातळी वाढली. बहुतेक सगळंच मिसळीचं असेल."

दुबेजींनी डोक्याला हात लावला. वसुधाने नळी धुतली, पुसली, तिन्ही कॅनमधून पुन्हा पेट्रोल घेतलं आणि माझ्यासमोर उकिडवी बसून पाणी खाली बसायची वाट बघत राहिली. तिन्ही वेळा पाणी खुणेवर थांबलं. मग ती मला बाजूला, पिकअपमागे घेऊन गेली.

"तुम्हाला भीती वाटून राहिली," ती म्हणाली.

मी हो म्हणून मान हलवली.

"मग तसं सांगा ना. पेट्रोलवर काहून ढकलता? उद्या खरंच पाणी वाढलं, तर मी तुमचं ऐकायचं का नाही?"

मी विचारलं, मी नको म्हटलं तर थांबशील? तिने खरोखर विचार केला. आज थांबेन, म्हणाली, पण उद्या पुन्हा विचारेन, परवा पुन्हा. तिचा आवाज चढला नव्हता, पण हातातली काचेची नळी कोरडी झाली तरी ती पुसतच होती. तीही घाबरलेली आहे हे तोपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतके दिवस मी माझ्या एकट्याच्या भीतीत होतो. मी म्हटलं, चल, भरू या.

पेट्रोल मी ओतलं. आधी तांब्याच्या तारेने कॅन आणि विमान एकमेकांना आणि जमिनीत ठोकलेल्या सळईला जोडलं. मोबाइल लांब ठेवले, अंगात सुती शर्ट. बारीक जाळीचं नरसाळं टाकीच्या तोंडाला टेकवून धार बारीक ठेवली. दुबेजी बाजूला अग्निशामक घेऊन उभे होते. "धीरे, भाईसाहब, कोई जल्दी नहीं," ते म्हणत होते. कॅनचा शेवटचा तळ आम्ही ओतत नाही, पाणी किंवा कचरा असला तर तिथेच असतो. मग वसुधाने टाकीखालचा नळ उघडून बाटलीत नमुना घेतला आणि तो उन्हासमोर धरून बराच वेळ बघितला.

वसुधा एकटीच आत बसली आणि विमान सव्वाआठला जमीन सोडून वर गेलं. मला वाटलं होतं त्याच्या निम्म्याच अंतरात. पट्टीभोवती दोन फेऱ्या घ्यायच्या ठरल्या होत्या. पहिली फेरी नजरेसमोर झाली. दुसऱ्या फेरीत ते सागाच्या झाडांमागे खाली दिसेनासं झालं आणि आवाजही गेला. दुबेजींनी घड्याळाकडे बघितलं. मी पट्टीवर चालायला लागलो, मग पळायला लागलो. कुठे पळतोय ते मला माहीत नव्हतं. मागून दुबेजी ओरडत होते, किनारे हटो, किनारे. आवाज परत आला तेव्हा विमान समोरून, थेट माझ्या दिशेने उतरत होतं. मी गवतात उडी टाकली. चाकं टेकली, एकदा उसळली आणि पुन्हा टेकली.

वसुधा उतरली आणि आधी मलाच ओरडली. धावपट्टीवर माणूस असेल तर मला न उतरता पुन्हा वर जावं लागतं, कळतं का तुम्हाला? मग तिथेच गवतात माझ्याशेजारी बसली. डावा पंख थोडा जड वाटतो, म्हणून वळण लांबून घेतलं, ती दुबेजींना म्हणाली, आणि दोघं लगेच पंखाकडे गेली.

विमान पट्टीवरच बांधून ठेवून संध्याकाळी आम्ही जबलपूरला परतलो. रिकाम्या कॅनमध्ये वाफ असते, भरलेल्यापेक्षा ते जास्त धोक्याचे, म्हणून झाकणं उघडून गच्चीच्या कोपऱ्यात हवेशीर ठेवलेत. चाचणीचं माझं खोटं तिने दुबेजींना अजून सांगितलेलं नाही. काचेची नळी मी चुकीची वाचली, असंच ते समजतात. परवा फोनवर ते मला खूण कशी वाचायची ते समजावून सांगत होते आणि मी मुकाट्याने ऐकून घेतलं.

चाचणीच्या उड्डाणांचे बरेच तास अजून बाकी आहेत, आणि तासाला दहा-बारा लिटर लागतात. काल वसुधाने विचारलं, या वेळी दुबेजींना पाठवू का नागपूरला? मी नको म्हटलं. भीती कमी झालेली नाही. पण आता चाचणीच्या वेळी मला कोणी विचारलं, तर मी जे दिसेल तेच सांगणार आहे, आणि ती ते ऐकणार आहे. गुरुवारी पहाटे निघतोय.