नाशिक की कोलकाता?

मंडळी, माझा ईमेलचा प्रोग्रॅम रोज सकाळी उघडताना विचारायचा, कोणती प्रोफाइल? खाली दोन नावं असायची, नाशिक आणि कोलकाता.

नऊ वर्षांपूर्वी ह्यांची इथे बदली झाली, 'दोनच वर्षं' म्हणून. तेव्हा मी नवी प्रोफाइल केली आणि जुनी तशीच ठेवली. परत गेल्यावर लागेल ना!

क्लिक रोज कोलकातावरच. पण त्याआधी चहाचे दोन घोट होईपर्यंत माउसचा बाण नाशिकवर टेकवून बसायचे. कोलकात्यातल्या बेहाला भागातल्या या खिडकीत तेवढ्यापुरता पांडवलेण्यांचा डोंगर यायचा.

आज इथेच वाढलेली माझी लेक मागे उभी होती. "आई, तू नाशिक कधी खोलतच नाही. मग ठेवलं कशाला?"

रागच आला, आणि त्या रागात मी नाशिक काढून टाकलं. फाइल्सही पुसायच्या का, असं प्रोग्रॅमने विचारलं. तिथे मात्र 'नको' म्हटलं.

मग तो पुन्हा सुरू केला. या वेळी त्यानं काही विचारलंच नाही. सरळ कोलकाता उघडलं.

"बघ, किती पटकन!" लेक खूश.

माझा चहा हातातच होता.

तुम्हाला अजून रोज कुणी विचारतं का हो, की तुमचंही आता सरळच उघडतं?