नाव चपलांजवळ ठेवा

भोपळेमामांनी मला तीन वर्षांत एकदाही माझ्या नावाने हाक मारली नाही. मारणार कशी? नाव त्यांना माहीतच नव्हतं. वलगावजवळच्या त्यांच्या मळ्यात पहिल्यांदा गेले, तेव्हा रीतीप्रमाणे नाव सांगायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी हात आडवा केला. "नाव चपलाईजवळ ठेव, मंग इहिरीकडे ये." मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले, "शेंग. शेवग्याची." माझी उंची पाच फूट आठ आणि अंगावर मांस बेताचंच, त्यामुळे रागवायलाही जागा नव्हती.

मी तिथे गेले ती लंगडत. अकोल्याच्या खो-खोच्या सामन्यात खांबाला वळसा घालताना गुडघा एकीकडे वळला आणि मी दुसरीकडे. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, वर्षभर धावणं विसरा, पुढचं पुढे बघू. डॉक्टरांचं 'पुढचं पुढे' म्हणजे काय ते आपल्याला न सांगता कळतं. वयाच्या नवव्या वर्षापासून मी पायांवरच जगले होते. पाय गेले म्हणजे मीच गेले, असं मला खरोखर वाटायचं. घराशेजारच्या मैदानावर शिट्टी वाजली की मी खिडकी लावून घ्यायची. पोहायला मात्र डॉक्टरांची परवानगी होती, म्हणून संघातल्या एका मैत्रिणीने मला धरून मामांकडे नेलं. ती तिथली 'गवार'.

मामा माळी. वांगी, पालक, झेंडू अमरावतीच्या बाजारात जायचा, पण दुधी मात्र ते वेलावरच जून होऊ द्यायचे आणि गोठ्याच्या आढ्याला टांगून वाळवायचे. हे वाळलेले भोपळे पाठीला बांधून त्यांनी अर्धा तालुका पोहायला शिकवला. सगळीकडे प्लॅस्टिकचे डबे आले तरी मामा ऐकेनात. "डब्यात हवा राह्यते. भोपळ्यात भरोसा राह्यते," म्हणायचे. पोहणारा तयार झाला की त्याचा भोपळा पुन्हा त्याच जागी टांगला जाई. दुपारी वारा सुटला की ते भोपळे एकमेकांवर आपटत, आणि आत कुणीतरी हळू आवाजात बोलत बसलंय असं वाटायचं. मी एकदा आत डोकावूनही पाहिलं. गाय होती, दुसरं कुणी नव्हतं.

शिकवताना मामा विहिरीकडे पाठ करून बसत. कठड्यावर मांडी घालून, हातात सुतळी नाहीतर झेंडूची माळ. स्वतः पाण्यात कधी उतरत नसत. पण कान असा की खाली कोण कुठे आहे, कोणाचा कुठला हात कमी पडतोय, सगळं नुसत्या आवाजावरून कळे. "शेंगे, डावा पाय चोरून राह्यली तू. तो का सासरी पाठवाचा हाय?" थांबायची खूण म्हणजे त्यांचा खोकला. एकदा खोकले की दोर धरायचा. मला सुरुवातीला या पाठमोऱ्या माणसाची भीतीच वाटायची. नंतर अशी सवय झाली की ती पाठ दिसली नाही तर पाण्यात जीव घाबरायचा.

नावाचं कारण मी चार महिन्यांनी विचारलं. मामांनी माळ ओवता ओवता 'फेऱ्या'ची गोष्ट सांगितली. उन्हाळ्यात सूर्य निघाला की विहिरीच्या भिंतीवर ऊन उतरू लागतं. ते पाण्याला टेकेपर्यंत, म्हणजे जवळजवळ बारापर्यंत, भिंतीला हात न लावता गोल गोल पोहत राहायचं. हा फेरा. मामांच्या धाकट्या भावाने तो घेतला होता. ऊन पाण्यापासून हातभर उरलं, तेव्हा मामांना आनंद आवरला नाही. त्यांनी वरून त्याच्या नावाने हाक मारली.

"त्यानं वर पायलं, ओ देल्ला. मंग निस्तं पानी." मामा म्हणाले. "पानी काढलं, गाळ काढला, तवा सापडला. तवापासून इथं कोनाचं नाव नाई. ही इहीर आवाज वापस करत नाई वं, ठेवून घेते."

एखादी शहाणी मुलगी त्या दिवसापासून गेलीच नसती. माझ्या डोक्यात मात्र फेरा शिरला. आईने डोक्याला हात लावला. "भर दुपारी इहिरीत? तिथं तं तीन हाका आल्याबिगर ओ बी देऊ नाई!" मामांनी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "मले काय इचारतं? गुडघ्याले इचार." गुडघ्याला विचारायला मी आठ महिने घेतले. आधी नुसत्या हातांनी अर्धा तास, मग पाय घेऊन तास, मग दोन तास, मग चार. रडले, चिडले, दोनदा भिंत धरली आणि दोन्ही वेळा मामांनी मला घरी पाठवलं. पण रात्री झोपताना आता मला खांब दिसत नव्हता, भिंतीवरून उतरणारं ऊन दिसत होतं.

एप्रिलमधल्या एका सकाळी मी उतरले. मध्ये दोराला बांधलेले दोन भोपळे तरंगत होते, वर मामांची पाठ. पहिले तीन तास सोपे गेले. मग खांदे दगड झाले आणि गुडघा आपलं जुनं गाणं म्हणू लागला. ऊन हातभर उरलं. वर पाखरंसुद्धा गप्प झाली होती.

तेव्हा हाक आली. माझ्या नावाने. आवाज मामांचाच, पण मधेच दम लागून तुटलेला, शेवटचं अक्षर ओढत नेलेला. आणि तो वरून आला नाही. माझ्या पोटाखालून आला.

माणूस नावाला किती बांधलेला असतो! माझं तोंड आपोआप ओ द्यायला उघडलं आणि घोटभर पाणी आत गेलं. ठसका लागला. ओ घशातच राहिला. वर पाहिलं तर मामांची पाठ तशीच होती, हातातली माळ तशीच चालली होती. मी डोळे मिटून हात मारत राहिले. थोड्या वेळाने वरून खोकला आला. डोळे उघडले तेव्हा ऊन पाण्यावर होतं.

वर आल्यावर मी विचारलं, "मामा, तुम्ही मला नावाने हाक मारली?"

त्यांच्या हातून माळ पडली. "म्या? मले तं तुयं नावच ठावं नाई." मग अगदी हळू, "ओ देल्ला?"

"नाही. पाणी गेलं तोंडात."

मामा तिथेच मातीत बसले आणि माझ्या ओल्या डोक्यावर हात ठेवून ढसाढसा रडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते विहिरीकडे तोंड करून बसले होते.

त्यानंतर मी खो-खो खेळले नाही आणि मला त्याचं दुःखही झालं नाही. आता मी धरणांत लांब अंतरं पोहते. गुडघा अजून कटकट करतो, मी त्याचं ऐकते आणि पुढे जाते. हे सगळं त्या पाठमोऱ्या माणसाने दिलेलं आहे.

गेल्या उन्हाळ्यात मामांची छाती भरली. अमरावतीच्या दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा नळ्या लावलेल्या होत्या, तरी मला बघून हसले. "शेंगे, इथं इहीर नाई. आता तं सांग तुयं नाव."

मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, ते मनाशी घोळवलं, आणि मग मला हाक मारली. मधेच दम लागून आवाज तुटला. शेवटचं अक्षर ओढत नेलं.

ती हाक मी ओळखली, विहिरीत माझ्या पोटाखालून आलेली. खिडकीबाहेर ऊन डोक्यावर आलं होतं आणि मामा डोळे मिटून वाट बघत होते. या वेळी माझ्या तोंडात पाणी नव्हतं.

मी ओ दिला.