गुणाबाईच्या आव्याचा परवाना

गुणाबाई कुंभारीण रेंज ऑफिसच्या पायरीवर बसली, ती उठायचं नाव घेईना. चपराशानं हाकललं, कारकुनानं डोळे वटारले. बाई आपली पदरानं वारा घेत बसलेली. तिला मडकी भाजायचा आवा लावायला परवाना पाहिजे होता. होळी सरली की चांद्याकडच्या जंगलात पाचोळा असा वाळतो की विडीचं थोटूक पुरे. म्हणून पावसाळ्यापर्यंत उघड्यावर आग लावायची तर जंगलखात्याचा कागद लागायचा, आणि गुणाबाईचं घर तर जंगलाला खेटून.

दरसाली हे काम तिचा नवरा मुखरू करायचा. गोडबोल्या माणूस, साहेबाला हसवून कागद घेऊन यायचा. माघात तो तापानं गेला. जाण्याआधी चाकावरून उतरवलेल्या त्याच्या घागरी तेवढ्या घरात राहिल्या, त्याही कच्च्या. भाजल्या नाहीत तर पावसाळ्याच्या ओलीनं त्यांचा चिखल होणार. शिवाय वैशाखात अक्ती, म्हणजे अक्षय तृतीया. अक्तीला घरोघरी पितरांच्या नावानं नवी घागर भरतात. यंदा गुणाबाईला ती मुखरूच्या नावानं भरायची होती, आणि घागर त्याच्याच हातची पाहिजे होती. दुसऱ्या कोणाची तिला चालणार नव्हती.

शेवटी रेंजर साहेबच बाहेर आले.

"बाई, घरात पुरुषमाणूस नाही का?"

"असता तं मी कायले आली असती जी?"

"आणि जंगल पेटलं म्हणजे?"

"तं पह्यलं माह्यंच घर जळन, साहेब. तुमचा बंगला बहोत दूर हाये."

कारकुनाला ठसका लागला. साहेब मात्र हसले, आणि हसलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. परवाना मिळाला. अट एकच: आग लावल्यापासून राख थंड होईपर्यंत जंगल राखणाऱ्या नाकेदारानं तिथं उभं राहायचं आणि आव्यावरची नजर हटवायची नाही.

बाई खुशीत निघाली. अर्ध्या वाटेत ती थबकली. अरे बापा, नजर! पेटत्या आव्यावर परक्याची नजर पडली की घागरी तडकतात, हे कुंभाराच्या घरात रांगतं लेकरूही जाणतं. मुखरू आडोशाला भोवती बांबूचे तट्टे उभे करायचा. जुना नाकेदार समजूतदार. मोहाच्या झाडाखाली खुशाल घोरत पडायचा. आता आलेला जलालुद्दीन पडला चांदा शहरातला. इस्त्रीची खाकी, कोरलेल्या मिशा, आणि कायद्याचा इतका पक्का की स्वतःची विडी ओढायलाही जंगलाबाहेर चालत जाई. तो कसला झोपतो?

ठरल्या सकाळी, वारं सुटायच्या आत तो हजर. गुणाबाईनं भोवतालचा पाचोळा झाडून जमीन उघडी केली होती, पाणी भरून ठेवलं होतं. घागरी रचून, गोवऱ्या आणि तणस लावून, वरून राख-मातीचा लेप दिला होता. त्यानं सगळं फिरून तपासलं आणि डोळ्यांत तेल घालून समोर उभा राहिला.

"भाऊ, जरा तिकडं तोंड करता का?"

"काऊन?"

तिनं सांगितलं. तो हसला नाही, हे विशेष. गोंधळला मात्र. "गुणाबाई, नजर हटवली तं माही नोकरी जाईन. आनं नाई हटवली तं तुमच्या घागरी जातीन. मी करू तरी काय?"

गुणाबाई चिडली, रडकुंडीला आली, आणि मग तिच्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. घरच्याची नजर आव्याला बाधत नाही. आणि जो आग लावतो तो आव्याच्या घरचाच.

"तं तुमीच लावा आग."

"मी?" नाकेदार दोन पावलं मागं सरकला. "अवं बाई, मी आग विझवाचा पगार खातो! माह्या घरी चूलही माही बायको अमिना पेटवते!"

"मंग आज शिका."

तिनं चुलीतला निखारा खापरीवर आणून त्याच्या हातात दिला. बिचाऱ्यानं इकडं तिकडं पाहिलं, बिस्मिल्ला म्हटलं आणि तणसाला आग लावली. धूर त्याच्याच डोळ्यांत गेला. माघापासून पहिल्यांदाच गुणाबाईला हसू आलं, इतकं की तिचं तिलाच नवल वाटलं.

दुपारी वारं उठलं. जळती काडी उडून झाडलेल्या जागेच्या पल्याड पाचोळ्यात पडली. दोघंही धावले. त्यानं पळसाची फांदी तोडून झोडपलं, तिनं पाणी ओतलं. गुणाबाईचं तोंड उतरलं. आता परवाना रद्द होतो!

"विझली ना?" तो धापा टाकत म्हणाला. "मंग कायले घाबरता? चला, आपला आवा पाहा."

आपला म्हणाला. गुणाबाईनं ते ऐकलं आणि ती आव्याकडं वळली.

दुसऱ्या दिवशी राख निवल्यावर तिनं पहिली घागर काढून बोटाच्या पेरानं वाजवली. टण्ण! दुसरी, तिसरी, तशाच. कडेच्या थोड्या तडकल्या होत्या, पण तेवढ्या तर मुखरूच्याही जायच्या. तिनं एकेक घागर पोटाशी धरून घरात नेली.

अक्तीला पितर म्हणून एका माणसाला पाटावर बसवून जेवू घालायची रीत; तो पोटभर जेवला की पितर जेवला. मुखरूच्या जागी गुणाबाईनं जलालुद्दीनला बोलावलं. शेजारची कलाबाई कुजबुजली, "अवं, आपल्या जातीत काय माणसं नाई राह्यली?"

"हायेत ना. पन माह्या मालकाच्या शेवटच्या आव्याले आग कोनं लावली?"

कलाबाईनं आपणहून शेवयांची परात पुढं सरकवली.

मुखरूची घागर काठोकाठ भरून पाटासमोर मांडली. नाकेदार टोपी काढून अवघडून बसला. आधी लाजत जेवला. मग चिंच-गुळाची चिंचोणी प्यायला, आणखी मागितली, आणि पुन्हा वाटी पुढं केली. "अजून हाये का, बाई?"

"हाये, हाये. पोटभर घ्या," गुणाबाई म्हणाली आणि घळाघळा रडायला लागली. भर पंगतीत रडली, पण वाढायचा हात काही तिनं थांबवला नाही.