तीन नंबरची पाळी

रविवार, १२ फेब्रुवारी १९७८, संध्याकाळचे पाच. रक्कम रुपये पंधरा. हजर सोळांपैकी तेरा सभासद, आणि सभासद नसलेला एक पेंटर. आमच्या वाशीच्या सोसायटीचा खजिनदार तेव्हा मीच होतो, त्यामुळे हे आकडे माझ्या डोक्यातून अजून गेलेले नाहीत.

पेंटर तुर्भ्याचा होता. ट्रकच्या मागे मोर आणि फुलं काढण्यात त्याचा हात बसलेला. जिन्याखालच्या मोकळ्या जागेत आम्ही सतरंजी टाकून सभेला बसत होतो, तेवढ्यात तो सायकलला आडवी बांधलेली पाटी घेऊन आला. पाटीवर चेअरमन, सेक्रेटरी आणि खजिनदार अशी तीन नावं, प्रत्येक अक्षराला सावली, आणि कुणी सांगितलं नसताना चारही कोपऱ्यांत कमळं. अडचण एवढीच होती की त्यातल्या चेअरमनची निवड अजून व्हायची होती.

पाटी मी सांगितली होती, आणि सांगताना मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आमच्याकडे चेअरमन निवडण्याचा प्रश्नच येत नसे. ज्या क्रमाने फ्लॅटचे ताबे मिळाले त्या क्रमाने शेअर सर्टिफिकेटचे नंबर पडले, आणि त्या नंबराने खुर्ची फिरायची. पहिल्या वर्षी एक नंबर, दुसऱ्या वर्षी दोन नंबर. दोन नंबरवाल्यांची जानेवारीत नागपूरला बदली झाली, तेव्हा पुढचं नाव तीन नंबरचं, हे पोरंसोरंही सांगू शकली असती. सभा म्हणजे हात वर करून चहा पिणं. म्हणून मी आधीच पाटी रंगवायला दिली.

तीन नंबर म्हणजे हायकोर्ट काका. मुंबईच्या हायकोर्टात ते न्यायाधीशांचे लघुलेखक होते. न्यायमूर्ती निकाल सांगायचे, काका तो उतरवून घेऊन टाइप करायचे. तीस वर्षांच्या नोकरीत डावा कान जवळजवळ गेला. ते स्वतःच म्हणत, "उजवा कान न्यायमूर्तींकडे, डावा वकिलांकडे. वकिलांनी डावा संपवला." ह्यावर सगळे हसत, तेही हसत. पण शेवटची दोन वर्षं त्यांना न्यायमूर्तींच्या चेंबरमधून उचलून नकला काढायच्या विभागात बसवलं होतं, कारण तिथे ऐकण्यासारखं काही नसे. मुख्य लघुलेखकाची जागा त्यांच्या पाळीला आली ती त्याच काळात, आणि ती त्यांच्या मागच्या माणसाला मिळाली. हे त्यांनी कधी सांगितलं नाही. काकूंनी आमच्या घरात सांगितलं होतं.

सभेच्या आदल्या दिवशी काकू डाळ मागायला आल्या आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "ह्यांनी कोट काढून इस्त्रीला दिलाय हो. सोळा घरांच्या सोसायटीसाठी कोट! मी काही बोलले नाही. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच सकाळी उठून दाढी केलीय."

म्हणजे काकांच्या बाजूने गोष्ट अशी होती. दुसऱ्या बाजूला पाणी होतं.

आमच्या इमारतीत पाणी दुसऱ्या मजल्याच्या वर चढत नसे. नवं शहर वसवणाऱ्या महामंडळाच्या ऑफिसात आमचे सेक्रेटरी खेपा घालत. हे सेक्रेटरी म्हणजे तुर्भ्याच्या एका कारखान्यातले इंजिनियर, तिसऱ्या मजल्यावर राहणारे, वय पस्तिशीच्या आसपास, बोलायला तिखट आणि कामाला चोख. त्यांचं म्हणणं, सेक्रेटरीला त्या ऑफिसात बाकावर बसवून ठेवतात, चेअरमनला निदान खुर्ची तरी देतात. वरच्या मजल्यांवरच्या बायकांनी त्या आठवड्यात टँकरखाली बादल्या धरता धरता ठरवून टाकलं की ह्या वेळी पाळीबिळी राहू दे, इंजिनियरच चेअरमन हवेत. माझ्या कानावर ते आलं तेव्हा पाटी रंगायला गेलेली होती.

ह्यात दिल्ली कशी आली ते सांगायला हवं.

त्याच महिन्यात देशाच्या सरन्यायाधीशांची जागा रिकामी होणार होती. पूर्वी तिथेही आमच्यासारखंच होतं. जो आधी नेमला गेला तो ज्येष्ठ, आणि ज्येष्ठाला खुर्ची. त्र्याहत्तर साली सरकारने तिघांना ओलांडून चौथ्याला बसवलं आणि त्या तिघांनी राजीनामे दिले. आणीबाणीत, अटकेत असलेल्याला कोर्टात दाद मागता येईल की नाही, असा खटला आला. पाचांपैकी एकाच न्यायमूर्तींनी येईल म्हणून सांगितलं. सत्याहत्तरच्या जानेवारीत पाळी त्यांची होती. त्यांनाही ओलांडलं, त्यांनीही राजीनामा दिला. आता अठ्ठ्याहत्तरमध्ये सरकार बदललेलं, आणि पाळी होती उरलेल्या चौघांपैकी एकाची. आमच्याच मराठी मुलखातला माणूस. त्याला ती द्यावी का, ह्यावर पेपरात रोज वाद चालला होता. मुंबईतले मोठमोठे वकील नको म्हणत होते.

काका संध्याकाळी पेपर घेऊन खाली बसत. इंजिनियर कामावरून येताना उभ्या उभ्या वाद घालत.

"काका, त्या निकालावर सही करणाऱ्याला तुम्ही सरन्यायाधीश करणार?"

"मी कोण करणार? इकडून बोला, उजवीकडून."

"मनातून तरी?"

"निकाल चुकला. मला तो उतरवायला सांगितला असता तर माझी पेन्सिल अडली असती. पण चुकीची शिक्षा म्हणून पाळी काढून घ्यायची ठरवलीत, तर उद्या बरोबर निकालालाही तीच शिक्षा देतील. दिलीच की गेल्या वर्षी. पाळीने बसलेला माणूस कुणाचं देणं लागत नाही, एवढाच त्या पाळीचा उपयोग."

"तुमचा भाऊ तुरुंगात नव्हता, काका."

इंजिनियरचा धाकटा भाऊ आणीबाणीत आत होता. कसला पुढारी नव्हे, कॉलेजात पत्रकं वाटणारा पोरगा. सुटून आला तेव्हा त्याचं वर्ष बुडालं होतं आणि वडील गेलेले होते. तो निकाल लागला त्या दिवशी आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांच्याकडे चूल पेटली नव्हती, हे मला माहीत होतं. काकांनाही माहीत होतं. त्यांनी पेपरची घडी घातली आणि म्हणाले, "नव्हता. बरोबर आहे तुमचं." त्यानंतर दोघांचं बोलणं कमी झालं.

अशा हवेत ती सभा भरली. काका कोट घालून आले, हातात वही आणि पेन्सिल. ही त्यांची सवयच होती, लग्नाला गेले तरी खिशात पेन्सिल असे. पाटी त्यांनी पाहिली, कमळांकडे जरा जास्त वेळ पाहिलं. पेंटरने ती भिंतीला टेकवली आणि मला म्हणाला, "शेट, रंग वला हाय. कोनी हात लावू नका."

पहिल्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी इंजिनियरचं नाव सुचवलं. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी लगेच हात वर केला. मग कुजबुज, मग एकदम सगळेच बोलू लागले.

"पण नंबर तीनचा आहे ना?"

"अहो, नंबर काय रेशनच्या रांगेचा आहे? पाण्याचं बघा!"

"काकांना ऑफिसात साहेब काय बोलतो ते ऐकू तरी येणार आहे का?"

हे वाक्य कोण बोललं ते मी लिहीत नाही. बोलणारा काकांच्या डाव्या बाजूला होता आणि त्याचा अंदाज असा की ते पोहोचणार नाही. ते पोहोचलं. काकांची मान तिकडे वळली नाही, पण कान लाल झाले.

पेंटर उभाच होता. त्याने मला विचारलं, दबक्या आवाजात, पण तो नेमका सगळ्यांना ऐकू आला: "शेट, नाव बदलायचं हाय का? आताच सांगा. वला हाय तवर राकेलनं पुसतंय. सुकलं की मंग खरवडाय लागंल." आणि त्याने पिशवीतून राकेलचा बोळा काढून हातात धरला.

कुणीतरी हसलं. मग कुणी हसेना.

काका उठले. म्हणाले, "माझी हरकत नाही. सेक्रेटरीसाहेबांनी चेअरमन व्हावं. पाणी वर चढायला पाहिजे, ते खरंच आहे. माझी एकच विनंती आहे. तीन नंबरला का वगळलं, त्याचं कारण सभेच्या इतिवृत्तात लिहावं. दिल्लीला दोन्ही वेळा तेवढंच राहून गेलं. ओलांडलेल्या चौघांपैकी कुणालाही कारण लेखी मिळालं नाही."

मग ते खाली बसले, वही मांडीवर उघडली, पेन्सिलीचं टोक बघितलं, आणि उजवा कान सभेकडे करून म्हणाले, "सांगा. मी घेतो उतरवून."

मला वाटतं त्यात टोमणा नव्हता. तीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं उतरवलेला माणूस, इतिवृत्त लिहायचं म्हटल्यावर त्याच्या हाताने जे केलं ते केलं. पण कारण सांगायला कुणी पुढे येईना. ज्यांनी नाव सुचवलं ते सतरंजीचा दोरा ओढत बसले. वहिनी म्हणाल्या, "पाण्यामुळे, असं लिहा ना." काका म्हणाले, "पाण्यामुळे इंजिनियर का, ते झालं. मी का नको, ते सांगा." आणि थांबले, पेन्सिल कागदावर टेकवून.

शेवटी सगळे इंजिनियरकडे बघू लागले. त्यांनी घसा साफ केला. "लिहा. सभासद क्रमांक तीन यांना..." काकांची पेन्सिल झरझर चालली आणि थांबली. वर बघून ते वाट पाहत राहिले. इंजिनियर पाटीकडे बघत होते. पाटीवर चेअरमनच्या खालीच त्यांचं स्वतःचं नाव होतं.

"खोडा ते," ते म्हणाले. "पाळी काकांची आहे. पाण्याच्या कामाला आपण दोघं बरोबर जाऊ, काका. तुम्ही खुर्चीवर बसा, बोलतो मी." मग जरा वेळाने, "पण दिल्लीचं मला पटलेलं नाही. ते तसंच आहे."

"ते मलाही सोपं नाही," काका म्हणाले.

पेंटरने राकेलचा बोळा परत पिशवीत टाकला. "म्हंजे ऱ्हाऊ दे ना? बरं झालं. कमलं वाया गेली असती."

दहा दिवसांनी दिल्लीत पाळीप्रमाणेच झालं. त्या संध्याकाळी इंजिनियर कामावरून आले ते थेट वर गेले, दार लावून घेतलं. काका जिना चढून त्यांच्याकडे गेले. गुडघ्यांमुळे त्यांना वेळ लागला, प्रत्येक मजल्यावर थांबत गेले. आत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. इंजिनियरच्या पत्नी पुढे म्हणाल्या की फारसं काही झालंच नाही. काकांनी भावाची चौकशी केली, परीक्षेला बसला का विचारलं, चहा घेतला आणि उतरले.

तो न्यायमूर्ती पुढे सात वर्षांहून जास्त त्या खुर्चीवर राहिला. एवढा काळ तिथे कुणीच बसलं नव्हतं. काका आमच्या खुर्चीवर एक वर्ष बसले. चेअरमन म्हणून ते फार चांगले होते असं मी म्हणणार नाही. सभा लांबायच्या. गच्चीत लोणच्याच्या बरण्या ठेवाव्यात की नाही ह्यावर त्यांनी दोन्ही बाजू ऐकून निर्णय राखून ठेवला होता, आणि तोपर्यंत बरण्या काय, कैऱ्यांचा हंगामही संपला. पाणी त्या वर्षी तिसऱ्या मजल्यावर आलं नाही, पुढच्या वर्षी आलं. पण महामंडळाच्या ऑफिसात ते दोघं जायचे, काका कोटात, इंजिनियर कारखान्याच्या कपड्यांत. इंजिनियर नेहमी त्यांच्या उजव्या बाजूने चालायचे.

पेंटरचे पैसे मात्र लगेच द्यायला हवे होते. दहा रुपयांच्या वर खर्च असला की व्हाउचरवर चेअरमनची सही लागे. सभेनंतरच्या रविवारी पेंटर दारात येऊन उभा राहिला, म्हणून मी व्हाउचर घेऊन काकांकडे गेलो. चेअरमन झाल्यावर त्यांच्यापुढे आलेला तो पहिला कागद. त्यांनी चष्मा लावला, वाचला आणि परत माझ्याकडे सरकवला.

"ह्यावर मी सही करत नाही."

"का? पाटी तर सभेतच बघितली सगळ्यांनी."

"माझ्या नावाची पाटी, मंजुरी माझीच? स्वतःच्या प्रकरणात बसायचं नसतं."

"काका, पंधरा रुपये आहेत."

"म्हणूनच सवय लावून घ्यायला बरं," ते म्हणाले, आणि काकूंना पेंटरसाठीही चहा टाकायला सांगितलं.

मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. इंजिनियर अंगात बनियन घालून नळाच्या तोटीशी खटपट करत होते. त्यांनी हात पुसले, व्हाउचर वाचलं, काकांनी सही का केली नाही ते विचारलं. मी सांगितलं. भिंतीवर कागद धरून त्यांनी सही केली आणि तारीख घातली.

पेंटरला रुपये पंधरा रोख दिले. मंजुरी सेक्रेटरींची. चेअरमनच्या सहीच्या जागी मी आडवी रेघ मारली.