काहिलीतली कन्या

पिराजी चौगुले दारातून आत यायचा तो आडवा होऊनच. त्याची मान कुठं संपते आणि खांदा कुठं सुरू होतो, हे त्याच्या शिंप्यालाही कधी सापडलं नाही. शाहूपुरीतल्या तालमीत तो लाल मातीत उतरला की कडेला बसलेली पोरं आपोआप मागं सरकायची. अशा माणसाची रास काय असावी? सिंह. अगदीच काही नाही तर वृषभ. पिराजी सिंहच सांगायचा, आणि कुणी न विचारता सांगायचा.

खरी रास कन्या होती.

हा घोटाळा कळला तो नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमारास. कोडोलीच्या जत्रेत मोठी कुस्ती ठरली होती, म्हणून त्याच्या आईनं, अक्कानं, त्याला तालमीमागच्या यज्ञेश्वर गुरुजींकडं पिटाळलं. गुरुजींनी बोटांची पेरं मोजली आणि म्हणाले, "उत्तरा नक्षत्र. याचा पहिला चरण सिंहेत येतो, उरलेले तीन कन्येत. तू थोडक्यात चुकलास बघ. जरा आधी जन्मला असतास तर सिंह झाला असतास."

पिराजी तडक गडमुडशिंगीला घरी आला आणि चुलीपुढं बसलेल्या आईवर कडाडला, "अक्का, जरा घाई करायची हुती की!"

सगळं ऐकून घेऊन अक्का शांतपणे म्हणाली, "तुझं डोस्कंच येवढं थोरलं हुतं. म्या काय करू?"

त्या दिवसापासून पिराजीनं स्वतःला सिंहेत ढकललं. गुरुजींना गप्प राहायची शपथ घातली. भीती होती ती एकाच माणसाची, सयाजीची. हा सयाजी तालमीत कुस्ती कमी आणि बारसं जास्त करायचा. एक पोरगा एकदाच हौदाशी घसरला, तर सयाजीनं त्याचं नाव 'साबण' ठेवलं. आता त्या पोराची लेकरं शाळेत जातात, पण गल्लीत पत्ता विचारायचा तर 'साबणाचं घर' असंच विचारावं लागतं. हा माणूस आपल्याला 'कन्याकुमारी' केल्याबिगर राहणार नाही, याची पिराजीला खात्री होती. म्हणजे मग हनुमान जयंतीच्या मैदानात लाऊडस्पीकरवर तेच नाव पुकारणार.

पुढं कोडोलीच्या शालनशी लग्न ठरलं, तेव्हा सासऱ्यालाही सिंहच सांगितली. इथं मात्र पिराजीनं स्वतःच्या पायात स्वतःच डाव घातला. शालनला पेपरातलं राशिभविष्य वाचायचा भारी नाद. ती रोज चहाबरोबर सिंहेचं वाचायची आणि नवऱ्याला त्याप्रमाणं वागायला लावायची. पिराजी ऐकून घ्यायचा आणि मग पेपर घेऊन गोठ्यामागं जाऊन कन्येचं वाचायचा. एका देहात दोन राशी सांभाळणं म्हणजे काय, हे त्यालाच ठाऊक. सिंहेला प्रवास वर्ज्य आणि कन्येला प्रवासातून लाभ, असं आलं की बिचारा एस.टी.च्या थांब्यापर्यंत जाऊन परत यायचा.

कुस्ती सुटल्यावर तो गुळव्या झाला. गुऱ्हाळावर काहिलीत, म्हणजे माणूस आत झोपेल एवढ्या कढईत, उसाचा रस उकळून गूळ करायचा, त्यातला तो कारागीर. एका सकाळी शालननं वाचलं, "सिंह. अग्नीपासून सावध राहा." झालं, तिनं दाराला कडी घातली.

"अगं, चुलवाण पेटलंय! काहील चढवलीय!"

"चढू द्या. पेपरवाली काय येडी हायती व्हय?"

त्या दिवशीचा गूळ इतका काळा झाला की मालकानं तो गिऱ्हाइकाला दाखवायचंही धाडस केलं नाही.

यज्ञेश्वर गुरुजी दरवर्षी चैत्रात काकवी न्यायला गुऱ्हाळावर यायचे. एकदा ते आले तेव्हा दिवस नुकताच बुडाला होता. पिराजीनं रिकामी काहील पालथी घातली आणि दोघं तिच्यावर टेकले. गुरुजींनी डोक्यावर बोट दाखवलं. "ती मघा. तो तुझा लाडका सिंह. आणि आता पूर्वेला बघ, एकटाच पांढराशुभ्र चमकतोय तो तारा. ती चित्रा, कन्येतली. हिच्यावरनंच महिन्याला चैत्र नाव पडलं. जोतिबाच्या चैत्रयात्रेला पुनवेचा चंद्र हिच्याच शेजारी असतो."

जोतिबाचं नाव निघाल्यावर पिराजी जरा सावरून बसला. "आणि ती कन्या, ती बाई दिसती कशी?"

"ग्रंथात सांगितलीय ती नावेत उभी. एका हातात धान्य, दुसऱ्या हातात अग्नी."

"एकटीच? नावेत? आणि वल्हं कोण मारतंय?"

गुरुजींना इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "ते ग्रंथात नाही," एवढंच म्हणून ते काकवीची बरणी घेऊन उठले.

मग २००५ चा पूर आला. पंचगंगेनं काठ सोडले, नदीला मिळणारा नाला उलटा फिरला आणि शाहूपुरीच्या सखल गल्ल्यांत पाणी शिरलं. माणसं माडीवर अडकली. बोटी होत्या त्या आधी मोठ्या वस्त्यांकडं गेल्या. पिराजीनं गुऱ्हाळावरची काहील ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातली आणि कडेला रिकामी पिंपं बांधून गल्लीच्या तोंडाशी पाण्यात सोडली. काहील तरंगते झकास, पण गोल असल्यानं तिला पुढं जाण्यापेक्षा गिरक्या घ्यायला जास्त आवडतं. कासरा नि बांबू धरून तिला शिस्त लावायला शालन आत चढली. पिराजी म्हणाला, "तू कशाला?" तर म्हणाली, "सिंहेला आज पाण्यापासून भय हाय. एकटं सोडत न्हाय."

फेऱ्या मारता मारता दिवस कलला. शेवटची फेरी गुरुजींच्या माडीवर शिधा पोचवायची. वर तीन घरांची माणसं, आणि काडेपेट्या सगळ्या सादळलेल्या, म्हणून शालननं पेटता कंदीलच बरोबर घेतलेला. सज्जाखाली आल्यावर पिराजी तांदळाचं पोतं एका हातानं खांद्यावर तोलत, दुसऱ्या हातात कंदील उंच धरून हळूच उभा राहिला. काहिलीनं एक संथ गिरकी घेतली.

वर गुरुजी कठड्याला धरून उभे होते. तीन दिवसांचे उपाशी, पण पोत्याआधी त्यांना ते चित्रच दिसलं. शपथबिपथ सगळं विसरून ते ओरडले, "अरे पिराजी! नावेत उभी! एका हातात धान्य, दुसऱ्या हातात अग्नी! साक्षात कन्या रास! तुझी रास, पिराजी!"

शेजारच्या कौलांवर ओल्या घोंगड्यात एक गाठोडं बसलं होतं. ते हललं. त्यातून सयाजीचं तोंड बाहेर आलं.

"काय म्हणाला, गुरुजी? कन्या?" भुकेनं आवाज बसला होता, पण आनंद मावत नव्हता. "आरं तिच्या! आमचा सिंह कन्या हाय व्हय? पिराजीबाय!"

माड्यामाड्यांवर माणसं कठड्याशी आली. इतकी वर्षं पिराजी ज्याला भीत होता ते असं भर पाण्यात, पळायला जागा नसताना समोर आलं. पिराजीनं आधी पोतं वर दिलं. मग कंदील दिला. मग शालनच्या हातचा बांबू घेऊन काहील कौलांखाली नेली आणि सयाजीकडं बघून गल्लीभर ऐकू जाईल असा गरजला,

"व्हय! कन्या! जलमापासनं कन्या! बसतोस काय कन्येच्या नावंत, का तिथंच थांबतोस सिंहाची वाट बघत?"

सयाजीनं खालच्या पाण्याकडं बघितलं. मग काहिलीकडं बघितलं. "बसतो की," म्हणाला आणि घोंगड्यासकट घसरत आत आला.

परतीच्या वाटेवर शालननं बांबू परत आपल्या हातात घेतला. गल्लीच्या तोंडाशी काहील टेकली, तेव्हा ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हंजे लगीन झाल्यापास्नं मी रोज सक्काळी दुसरीच्याच नवऱ्याचं भविष्य वाचत हुते?"

"अगं, थोडक्यात चुकलंय. अक्कानं जरा..."

"गप बसा. त्यो काळा गूळ झाला, त्या दिवशी कन्येला काय हुतं?"

पिराजीनं मान खाली घातली. "कष्टाचं चीज हुईल, आसं हुतं."

सयाजी इतका हसला की घोंगडं पाण्यात पडलं. पूर ओसरल्यावर त्यानं सवयीप्रमाणं बारसं केलंच, पण पिराजीचं नाही. गुऱ्हाळावर स्वतः रंगाचा डबा घेऊन गेला आणि काहिलीच्या कडेवर मोठ्या अक्षरांत लिहून आला: कन्या. आणि खाली बारीक अक्षरांत: वल्ह्यावर शालनवहिनी.

ते वाचायला गुरुजी पुढच्या चैत्रात मुद्दाम आले.

"ग्रंथात नव्हतं ते हे," म्हणाले, आणि काकवीची बरणी विसरून पूर्वेकडं बघत बसले.